शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीची घरे

शास्त्रपाठ : लूक १३:१–५, ईयोब १:१८–१९ व २:११–१३, अनुवाद २२:८.

भूकंप, महापूर किंवा अवर्षण यांसारखे अरिष्ट आले म्हणजे गावोगावी एक प्रश्न निघतो : हे कोणाच्या पापाचे फळ? आमच्या मंडळ्यांतही तो निघतो. कोणी म्हणतो, त्या गावाचे पाप भरले होते. कोणी पुत्रशोकाने व्याकुळ झालेली माता मनात म्हणते, माझेच काही चुकले असेल. पहिला देवाच्या न्यायासनावर स्वतः चढून बसतो. दुसरी देवाने न दिलेली शिक्षा आपणच भोगीत राहते. सबब प्रभूने या प्रश्नास काय उत्तर दिले, हे आपण नीट पाहिले पाहिजे.

१. आमच्या प्रांतातील उदाहरण. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक घरोघरी गाढ झोपले होते. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली आणि सुमारे १०,००० माणसे मृत्यू पावली. हा प्रदेश त्या वेळच्या नकाशात भूकंपाचे भय सर्वांत कमी अशा भागात गणला होता.

२. प्रभूचे उत्तर. प्रभूच्या काळी शिलोहातील बुरूज कोसळून १८ माणसे ठार झाली. यरुशलेमेत राहणाऱ्या इतर सर्वांपेक्षा ती अधिक अपराधी होती काय, असे प्रभूने स्वतःच विचारले आणि ‘नाही’ असे स्वच्छ उत्तर दिले. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब त्याने मांडला नाही. उलट ऐकणाऱ्या जिवंतांकडे वळून त्यांस पश्चात्ताप करावयास सांगितले. आम्ही बहुधा याच्या उलट करितो. मेलेल्यांचा न्याय करितो आणि स्वतः होतो तसेच राहतो.

थोर पुरुषांसही हा प्रश्न सुटला नाही. ता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा दंड होय असे म्हटले. अस्पृश्यता हे पाप आहे यात संशय नाही, आणि रवींद्रनाथ ठाकूर हेही तिचे विरोधीच होते. तथापि त्यांनी या विधानास उघड हरकत घेतली. विचार करा : त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यता पाळणारे सापडले, तसे ती सोसणारेही सापडले. मग दंड कोणास झाला?

३. मरण कोणत्या वाटेने आले? किल्लारीकडील पुष्कळ घरे माळवदाची होती. जाड भिंती, दगड मातीत बसविलेले, आणि माथ्यावर उन्हाचा ताप लागू नये म्हणून मातीचा भारी थर. जमीन हादरताच भिंती फुटल्या व ते सर्व ओझे निजलेल्या माणसांवर आले. गवती छपराच्या हलक्या झोपड्यांत राहणारे गरीब लोक त्या मानाने अधिक वाचले. झोपडीतील माणूस माळवदाखालच्या माणसापेक्षा अधिक पुण्यवान होता काय? नाही, त्याच्या डोक्यावरचे ओझे हलके होते, इतकेच.

४. ईयोबाचे मित्र. ईयोबाची मुलेही घर कोसळूनच मेली. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले. तोवर त्यांचे वागणे योग्य होते. पुढे त्यांनी तोंडे उघडून त्याचे पाप शोधावयास आरंभ केला, आणि शेवटी देवाचा कोप ईयोबावर नव्हे, तर त्यांच्यावर भडकला. शोक करणाऱ्याच्या दारी जाणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. भाकर न्यावी, पाणी न्यावे, हात द्यावा. उपदेश मागे ठेवावा.

५. पश्चात्तापाचे फळ. मोशेच्या नियमशास्त्रात अशी आज्ञा आहे की, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाही तर कोणी पडून मेल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. घर कसे बांधावे, ही देवाच्या दृष्टीने धर्माचीच गोष्ट आहे. १९९३ नंतर कित्येक जुनी घरे बळकट करण्यात आली : माळवदावरील माती कमी केली, भिंतीच्या आरपार सांधणारे दगड घातले, दारांच्या माथ्यावरून भिंतींभोवती पट्टा बांधला. ज्याने शेजाऱ्याच्या लेकरांसाठी असे केले, त्याने शिलोहाचा पाठ आचरणात आणिला.

६. जे उरते ते. पृथ्वीच्या पोटातील खडकांवर ताण साचतो व ते तुटतात. यामुळे भूकंप होतो हे आम्ही जाणतो. तथापि देवाने असे का होऊ दिले, हा मातेचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. प्रभूनेही शिलोहाविषयी त्याचे कारण सांगितले नाही. तो लाजराच्या कबरेपाशी रडला, आणि पुढे स्वतः वधस्तंभावर ‘का’ असा आक्रोश करिता झाला. म्हणून तसा आक्रोश करणारा विश्वासातून पडला असे कोणी समजू नये. प्रभू त्याच्या जवळच आहे.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न :
(१) प्रभूने मेलेल्या १८ जणांविषयी काय सांगितले व ऐकणाऱ्यांस काय सांगितले?
(२) ईयोबाचे मित्र कोणत्या दिवशी चुकावयास लागले?
(३) आपल्या गावात कोणाची भिंत किंवा छप्पर धोक्याचे आहे? ते दुरुस्त करण्यास मंडळी या महिन्यात काय करील?