आधी ती वायर बघ

अगं, काल फोनवर तुझा आवाज अगदी रडवेला झाला होता, म्हणून आज सविस्तर लिहितेय. ऑफिसातली कॉम्प्युटरं विंडोज ११ वर गेली आणि दुसऱ्या दिवसापासून शेअर केलेल्या फोल्डरमधली एक फाइल येईपर्यंत चहा पिऊन होतो, हेच ना? आणि सगळे तुझ्याकडे बघतात. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अपग्रेड करणं भागच होतं. तू काही वावगं केलेलं नाहीस, हे आधी मनात पक्कं धर.

आता मला सांग, हळू म्हणजे नेमकं काय हळू? फोल्डर उघडतानाच गोल फिरत राहतं, की उघडतो पटकन पण कॉपी रांगत होते? ही दोन वेगळी दुखणी आहेत. उघडतानाच अडत असेल तर फोल्डरच्या खिडकीत डाव्या बाजूला जुन्या, आता बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा एखादा ड्राइव्ह अजून जोडलेला आहे का बघ. विंडोज त्याची वाट बघत बसतं. तो काढून टाक. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

कॉपी रांगत असेल तर एकच मोठी फाइल घे, साधारण दोन जीबीची. हजार बारक्या फायलींवर वेग तपासू नकोस, त्या नेहमीच रेंगाळतात. कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' दाब आणि आकडा वाच. सेकंदाला ११ एमबीवर येऊन तो तिथेच अडला असेल, तर सेटिंगला बोटही लावू नकोस. तो शंभर एमबीपीएसच्या जोडणीचा आकडा आहे. गिगाबिट जोडणीवर तोच ११०च्या आसपास जातो. म्हणजे दोन जीबीला तीन मिनिटांऐवजी वीस सेकंद.

आमच्याकडे हेच झालं होतं. चार दिवस मी नव्या सिस्टिमला दोष देत एकामागून एक सेटिंग बदलत होते. पाचव्या दिवशी टेबलाखाली वाकले. अपग्रेडच्या गडबडीत टेबल सरकवलं होतं आणि त्याचा लोखंडी पाय केबलवर बसला होता. वरचं निळं आवरण चेपून पांढरं पडलेलं. आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एक तुटली होती. शंभरला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून नेट चालत होतं, आणि म्हणूनच वायरवर कुणाचा संशय गेला नाही. तुझ्याकडे सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली 'लिंक स्पीड' लिहिलेलं असतं. तिथे हजार दिसतंय की शंभर, ते आधी बघ.

हजार असूनही वेग पडला असेल तर मात्र संशय खरोखर अपग्रेडवर घ्यायचा. २०२४ च्या शेवटी आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो फायलींच्या देवाणघेवाणीत (तिची पद्धत म्हणजे एसएमबी) प्रत्येक निरोपावर सही मागतं. मधल्यामध्ये कुणी निरोप बदलू नये, दुसऱ्याच्या नावाने आत शिरू नये, म्हणून. ही सही करायला आणि तपासायला प्रोसेसरला राबावं लागतं. नव्या कॉम्प्युटरला ते जाणवत नाही, पण कोपऱ्यातल्या जुन्या, फायली साठवायच्या नॅसच्या डब्याला धाप लागते. कॉपी चालू असताना डब्याच्या सेटिंगच्या पानावर प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला आणि दोन नव्या कॉम्प्युटरमधली कॉपी मात्र झपाट्याने झाली, तर दुखणं डब्यात आहे. त्याचं फर्मवेअर अपडेट कर, एसएमबीची आवृत्ती तीनवर ठेव. तरी जमलं नाही तर साहेबांना सांग, डब्याचं वय झालंय.

कुणीतरी येऊन म्हणेल, सही बंद करून टाका. निदान करायला दहा मिनिटं बंद करून बघ हवं तर, पण काम झालं की परत चालू कर. आणि पासवर्डशिवाय फोल्डर उघडत नाही म्हणून जुनं एसएमबी १ चालू करायचा सल्ला कुणी दिला तर स्पष्ट नाही म्हण. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरला. जूनमधल्या नॉटपेट्याने तीच फट वापरली, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यात अडकलं. पासवर्डचं दुखणं तर सोपं आहे. डब्यावर प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड तयार कर.

एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत लिही. आज संध्याकाळी तेवढा लिंक स्पीडचा आकडा मला कळव. शंभर असेल तर उद्या येताना मी नवी केबल घेऊन येते.