पावसाळ्यातील ताडोबा

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ साली घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. १९९५ साली अंधारी अभयारण्यासह येथे व्याघ्र प्रकल्प आकारास आला. साग व बांबूचे वन, मगरींचा वास असलेला तलाव आणि व्याघ्रदर्शनाची आशा यांमुळे पर्यटकांचा ओघ येथे सतत असतो. तथापि, सामान्यतः १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद राहते.

या बंदीमागे विचार आहे. वनातील रस्ते बव्हंशी कच्चे. पावसात वाहने रुततात, चाकोऱ्या खोल होतात आणि माती वाहून जाते. याच काळात गवत वाढते, बांबूला कोंब फुटतात. चितळ, सांबर व गवा यांचे पोषण त्यांवर होते आणि वाघाचे जीवन या प्राण्यांवर अवलंबून असते.

बंदीची झळ मात्र परिसरातील गावकऱ्यांना पोहोचते. वाटाड्या व वाहनचालक यांची कमाई या तीन महिन्यांत आटते. म्हणून बाह्य क्षेत्रातील काही प्रवेशद्वारे, पावसाचे मान पाहून, खुली ठेवली जातात. तेथे जाणारा पर्यटक वनाला विसावा देतो आणि गावकऱ्यांना रोजगारही.

प्रवासास निघण्यापूर्वी कोणते द्वार खुले आहे, याची चौकशी अवश्य करावी. गाभा क्षेत्र एरवीही मंगळवारी बंद असते. वनाची ही विश्रांती पाळली, तरच पुढील हंगामात पाहण्यासारखे काही उरेल.