आधी जेव, मग बघ

पुणे,
नागपंचमी

चि. मुक्ता,

कोपनहेगनला तुला चक्कर आली, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं ते तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीच्या आईकडून, तेही मंडईत भाजी घेताना. ‘मुक्ता बरी आहे ना आता?’ असं त्यांनी सहज विचारलं. घरी सगळं ठाऊक असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. ‘हो हो, बरी आहे’ म्हणून मी वेळ मारून नेली, पण घरी येईपर्यंत माझे हातपाय गार पडले होते.

ताईला मी काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. मात्र त्याच्या बदल्यात हे पत्र तू शेवटपर्यंत वाचायचंस. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसलो.

आणि चक्कर आली ती कुठे, तर व्हॉर फ्रेल्सर्स चर्चच्या मनोऱ्यावर! तो मनोरा मी नि तुझ्या मामीने खालून पाहिलाय. चारशे पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या दीडशे बाहेरच्या अंगाने, शिखराला वेढे घालत वर जाणाऱ्या. जसजसं वर जावं तसतशी पायरी अरुंद होत जाते, एका बाजूला कठडा आणि खाली अख्खं शहर. अशा जागी तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मैत्रिणीने दंडाला धरून बसवलं म्हणून निभावलं. सकाळपासून पोटात काय, तर काळी कॉफी आणि अर्धं केळं. तेवढ्यावर तू जलपरीचा पुतळा, रोझेनबोर्गचा वाडा, न्यूहाव्न आणि गोल मनोरा पाहून आली होतीस. मुक्ता, हे ऐकून मला राग आला. खरोखरीचा राग आला. ज्या गावात राईच्या काळ्या पावावर लोणी लावून त्यावर मासा, अंडं, बटाटा असं हवं ते रचून ताटलीत समोर ठेवतात, त्या गावातून माझी भाची उपाशी परत येते!

तुला उपास करायचा असेल तर ताईसारखा श्रावणी सोमवार कर. संध्याकाळी सोडते ती, आणि पोटभर जेवून सोडते. हा पैशांचा उपास आपल्या घरात कोणी करायचा नाही.

आता पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघी स्टॉकहोमला निघालात. गुरुवार ते रविवारची जी यादी तू मामीला पाठवलीस, ती मी चष्मा लावून दोनदा वाचली. वासा जहाज, स्कान्सेन, जुनं शहर, राजवाडा, नगरभवन, भुयारी रेल्वेची स्टेशनं, फोटोंचं संग्रहालय. जेवणाचं नाव एकदाही नाही. सकाळचं नाही, दुपारचं नाही. म्हणजे कोपनहेगनचाच पाढा पुन्हा.

यादीत वासा पहिलं आहे, ते चांगलं केलंस. १० ऑगस्ट १६२८ ला ते जहाज पहिल्यांदा शिडं उभारून निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बंदरातच बुडालं. राजाला डामडौल हवा होता. दोन मजली तोफा चढवल्या, चौसष्ट तोफा, वर कोरीव पुतळ्यांचा भार, आणि तळाशी त्या मानाने वजन अपुरं. वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललं, खालच्या तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरलं. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ते वर काढलं. आता ते काळपट लाकडाचं धूड अंधूक उजेडात उभं आहे. त्याच्या शेजारी उभी राहशील तेव्हा त्या चर्चच्या जिन्यावरची मुक्ता आठव. तुझं तेच झालं होतं. वर पाच ठिकाणांचा भार आणि तळाशी अर्धं केळं.

मी हे एवढं पोटतिडकीने का लिहितोय, ते तुला पूर्ण माहीत नाही. ताईलाही नाही. आजीच्या कपाटावरचा तो टू-इन-वन तू लहानपणापासून पाहतेस ना? ‘मामाने स्वीडनहून आणला’ म्हणून घरात त्याचं कौतुक. तो कशातून आला, ते आज सांगतो.

दापोडीच्या कारखान्यातून आम्हाला प्रशिक्षणाला स्टॉकहोमच्या उपनगरात पाठवायचे. कंपनी स्वीडिश, त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी जायचंच. जाणाऱ्याला रोजचा भत्ता मिळे, आणि तो वाचवून घरी वस्तू आणायची ही रीतच पडली होती. माझं लग्न नुकतं झालेलं, ताईचं व्हायचं होतं, अण्णा निवृत्तीला आलेले. मी डाळ-तांदूळ, कुकर, मामीने दिलेली चटणी असं सगळं बरोबर नेलं. खोलीवर खिचडी करायची, डब्यात घालून कारखान्यात न्यायची, रात्री उरलेली खायची. तिथे सकाळी नि दुपारी फिका असतो, कॉफीची सुट्टी. साहेब, इंजिनियर, फिटर सगळे एका टेबलाला बसतात. मी मात्र काम काढून यंत्रापाशीच थांबायचो. कारण एकदा दुसऱ्याची कॉफी प्यायलो, की कधीतरी आपणही काही न्यायला हवं, हे मनात.

एक म्हातारा फिटर होता, माझ्यावर त्याचा जीव होता. खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत त्याने मला अख्खी जोडणी शिकवली. रविवारी घरी जेवायला ये म्हणाला, बायको हेरिंग तळते म्हणाला. रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि फुलं घ्यायची तर त्या दिवसाचा भत्ता गेला. मी पत्रं लिहायची आहेत असं सांगून टाळलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा टाळलं. मग त्याने विचारणं सोडून दिलं. निवृत्तीनंतर मामीला घेऊन मी त्या कारखान्यात मुद्दाम गेलो, तेव्हा त्याला ओळखणारंही कोणी उरलं नव्हतं.

टू-इन-वन आला, त्यावर आजीने भीमसेनांचे अभंग ऐकले, त्याचं मला समाधान आहे. पण त्या मुक्कामाचा वास म्हणून माझ्यापाशी बंद खोलीतल्या खिचडीचा वास आहे, मुक्ता. दुसरा नाही. तुझं असं होऊ नये.

म्हणून आता नीट वाच. तिथे दुपारचं जेवण स्वस्त असतं, रात्रीचं महाग. सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दोन, बहुतेक खानावळींच्या दाराशी पाटी लागते : ‘दागेन्स लंच’. ठरलेल्या पैशांत एक मुख्य पदार्थ, आणि त्यातच कोशिंबिरी, पाव, लोणी, शेवटी कॉफी. कोशिंबिरी नि पाव आपल्या हाताने घ्यायचे, लाजायचं नाही. तुमचे गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस त्यात बसतात. गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि त्यावर पॅनकेक नि मुरंबा अशी त्यांची जुनी चाल आहे. सूपात डुकराचे तुकडे असतात आणि तू ते खात नाहीस, तेव्हा आधी विचार. पाण्याची बाटली विकत घेऊ नकोस, नळाचं पाणी मागितलं की फुकट देतात. आणि कार्ड जवळ ठेव, रोख पैसे बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत.

गाम्ला स्तान, म्हणजे जुनं शहर, फिरायला सुंदर. मोर्टेन ट्रोट्सिग नावाची एक गल्ली आहे, अरुंद टोकाला जेमतेम नव्वद सेंटिमीटर, तिच्यातून दोघी एकामागून एक जा. पण तिथल्या मुख्य रस्त्यावर जेवायला बसू नकोस, दर प्रवाशांचे असतात. अपवाद एकच. स्तोरतोर्येत चौकात नोबेल संग्रहालय आहे, त्याच्या उपाहारगृहात बस. तिथल्या खुर्च्या उलट्या करून बघ. बैठकीच्या खालच्या अंगाला नोबेल मिळालेल्या लोकांनी सह्या केलेल्या असतात. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून सह्या वाचत होतो आणि कोणी हसलं नाही, कारण शेजारचं टेबलही तेच करत होतं. अमर्त्य सेन ज्या सायकलवरून अभ्यासासाठी बंगालच्या खेड्यांत हिंडले, ती त्यांनी याच संग्रहालयाला दिली. नऊ वर्षांच्या वयात त्यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिला आणि पुढे माणसं उपाशी का मरतात याचा अभ्यास केला. त्या इमारतीत तरी तू उपाशी हिंडू नयेस.

तिथून चालत स्लुसेनला गेलीस की तळलेल्या हेरिंगची गाडी दिसेल. बाल्टिक समुद्रातलं हे छोटं हेरिंग आपल्या तारलीच्याच कुळातलं. राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात आणि कुरकुरीत पावावर कांदा घालून देतात. तू आजीच्या हातची तारली खाऊन वाढलीस, तुला आवडेल. मला ते उशिरा मिळालं, तू पहिल्याच दिवशी खा. तिथेच धक्क्यावर होडी लागते. शहराच्या बस-रेल्वेचं जे पंचाहत्तर मिनिटांचं तिकीट असतं, तेच तिला चालतं, आणि ती थेट युरगोर्डेनला सोडते. वासा तिथेच, स्कान्सेनही तिथेच. १८९१ पासून देशभरची जुनी घरं उचलून आणून तिथे उभी केली आहेत. त्याला अर्धा दिवस दे. भुयारी स्टेशनांपैकी कुंग्सत्रेदगोर्देन आणि लाल खडकाचं सोल्ना सेंत्रुम एवढी दोन बघ, बाकी सोड. फोटोंचं संग्रहालय रात्रीही उघडं असतं, त्यासाठी दुपारचं जेवण बुडवायची गरज नाही.

आणि एक वेलदोड्याचा बन. सोडेरमाल्मच्या एका बेकरीत आम्ही शिरलो आणि मामी दारातच थबकली. श्रीखंडाचा वास येतोय म्हणाली. कणकेची लांब पट्टी पिळून तिची गाठ मारलेली असते, वर साखर, आणि आत जाडसर कुटलेल्या वेलदोड्याचे काळे दाणे, दाताखाली येतील इतके मोठे. आपण पूड करून लपवतो, ते तसे ठेवतात. मामीने एक दाणा बोटावर घेऊन मला दाखवला. मी आधी राहिलो होतो तेव्हाही ही बेकऱ्यांची दारं अशीच दरवळत असणार. तो बन घे, कॉफी घे, आणि बस. उभ्याने खाऊन पुढच्या ठिकाणी पळू नकोस. ऑगस्टअखेर तिथे आठपर्यंत उजेड असतो, शहर कुठे जात नाही.

बरं. रागावून झालं. आता जे लिहायचं ते लिहायला जड जातंय.

तू पैसे का वाचवतेस, तेही मला त्या बाईंकडूनच कळलं. ताईच्या गुडघ्यांसाठी तू बाजूला काढतेस. फोनमध्ये तू वेगळा हिशेब ठेवला आहेस, हे मुलींनी आपापसांत बोललेलं त्यांच्या कानावर आलं. पोरी, मंडईत उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. एवढीशी असताना तू मामीच्या पदराआड लपून माझ्याकडे बघायचीस, ती तू आता आईच्या ऑपरेशनची जुळवाजुळव करतेस आणि कोणाला कळू देत नाहीस.

पण ऐक. त्या ऑपरेशनच्या पैशांची सोय दादाने आणि मी केली आहे. दिवाळीनंतर करायचं असं डॉक्टरांशी बोलणंही झालंय. ताईला आम्ही योग्य वेळी सांगू, तिला आधी ते रुचणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. तुला वाटेल, मुलगी असून मी काहीच करायचं नाही का? कर ना. दिवाळीत ये आणि तिच्याजवळ राहा, तिला हाताला धरून चालव. तेवढं आम्हाला कोणाला तुझ्याइतकं जमणार नाही. बाकी, ती तुझी आई होण्याआधीपासून आमची बहीण आहे. तो खर्च आमचा.

तुझा हिशेब आता मोडून टाक. काल तुझ्या खात्यावर थोडे पैसे पाठवलेत. ते स्टॉकहोमच्या जेवणाचे आहेत, त्यातून फीची भरपाई करायची नाही, परत पाठवायचे नाहीत. मैत्रिणीलाही एकदा तुझ्याकडून जेवायला घाल. त्या जिन्यावर तिने तुझा दंड धरला होता, तिचे आभार मी मानायचे आहेत, तू माझ्या वतीने मान.

आणि चक्कर आली, ताप आला, काहीही झालं, तर मला फोन कर. रात्री दोनला कर. मी रागावणार नाही. पत्रात रागावलो ते पत्रातच राहू दे.

तुझा,
मामा

ता. क. : मामी म्हणते, संध्याकाळी पाण्यावरून गार वारा येतो, तिने विणलेला निळा स्वेटर ने. मेतकूट आणि दाण्याची चटणी कालच्या पार्सलने तुझ्या जर्मनीच्या पत्त्यावर पाठवली आहे. ती घरी आल्यावर खा. स्टॉकहोमला बरोबर नेऊ नकोस.