शिंगराचा तिसरा पालक

माझा भाचा नववीत असताना, २०२१ च्या हिवाळ्यात, आम्ही दोघं मिळून माइनक्राफ्टमध्ये घोडे पाळायला लागलो. मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, तो मला खेळ शिकवत होता. महिनाभर माळरानं तुडवून आम्हाला दोन घोडे सापडले. दोघेही चार ब्लॉकची भिंत सहज ओलांडत. त्यांना सोनेरी गाजरं खाऊ घातली, शिंगरू झालं, वीस मिनिटांत मोठं झालं आणि त्याच भिंतीला धडकलं. दुसरं तसंच. तिसरंही. "मावशी, आईबाप एवढे भारी, मग हे असं कसं?" असं विचारताना त्याचा चेहरा पडला होता. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे हाती आलं, ते इथे मांडते आहे.

१. घोड्याचं तोंड पाहून काही कळत नाही, मोजावं लागतं.

या खेळात सगळे प्रौढ घोडे दिसायला एकाच उंचीचे असतात. उंच-बुटका असा भेद नाही. घोड्याची उंची म्हणजे त्याच्या उडीची उंची, आणि तिचा आकडा पडद्यावर कुठेही दिसत नाही. आतमध्ये तो ०.४ ते १.० यांच्या मध्ये असतो. ०.४ चा घोडा जेमतेम एक ब्लॉक चढतो, १.० चा पाचाच्या वर जातो. आम्ही दोन, तीन, चार, पाच ब्लॉकच्या भिंती ओळीने बांधल्या आणि प्रत्येक घोड्याला तीन-तीन संधी दिल्या. तीन अशासाठी, की उडीची कळ अर्धवट दाबली तर चांगला घोडाही कमी उडतो आणि दोष घोड्याच्या नावावर लागतो. वेगासाठी शंभर ब्लॉकची धाव आखली. मध्यम घोडा ती साडेदहा सेकंदांत संपवतो, सर्वात वेगवान सातच्या आसपास, आणि अगदी मंद घोड्याला एकवीस सेकंद लागतात. सगळं वहीत उतरवलं. वही नसती तर पुढचं काहीच कळलं नसतं.

२. रंगावर जाऊ नये.

सात रंग आणि अंगावरच्या खुणांचे पाच प्रकार, म्हणजे पस्तीस रूपं. रंग, उडी, वेग आणि जीव या चारही गोष्टी शिंगराला वेगवेगळ्या वाटल्या जातात. पांढऱ्या घोड्याचं पांढरं शिंगरू त्याच्यासारखंच उडेल, याला काही आधार नाही.

३. प्रत्येक शिंगराला एक तिसरा पालक असतो.

आमच्या कोड्याचं उत्तर हेच होतं. खेळाच्या जावा आवृत्तीत त्या काळी शिंगराचा आकडा असा ठरायचा: आईचा आकडा, बापाचा आकडा आणि जागच्या जागी नव्याने काढलेल्या एका अनोळखी घोड्याचा आकडा, तिघांची बेरीज भागिले तीन. तो तिसरा घोडा कुणाला दिसत नाही, त्याला दाणा घालावा लागत नाही, पण वारशात त्याचा वाटा आईबापांइतकाच.

हा तिसरा कसा असतो, ते भाच्याला फाशांनी समजावलं. तीन फासे एकदम टाकले तर बेरीज अठरा येण्याची शक्यता २१६ मध्ये एक, पण दहा किंवा अकरा येण्याची शक्यता चारात एक. खेळ रानातला घोडा घडवतो तोही असाच, तीन यदृच्छ आकडे एकत्र करून. म्हणून बहुतेक घोडे मधल्या ०.७ च्या आसपास घोटाळतात आणि टोकाचा घोडा विरळा.

आता आमची जोडी घ्या. दोघांचाही आकडा जवळपास ०.९ होता. दोघांचे मिळून १.८, तिसऱ्याचे सरासरीने ०.७, एकूण २.५. भागिले तीन केलं की ०.८३. एवढ्या आकड्याचा घोडा चार ब्लॉकच्या भिंतीला थोडक्यात कमी पडतो. आमच्या शिंगरांमध्ये खोट नव्हती. ती हिशेबाला धरूनच जन्मली होती.

भाच्याने लगेच विचारलं, "मग आईबापांपेक्षा सरस कधीच होणार नाही?" होईल, पण त्यासाठी तिसराही ०.९ च्या वरचा निघायला हवा. त्याची शक्यता मांडून काढली तर बरोबर ४८ मध्ये एक येते. एका शिंगराला दोन सोनेरी गाजरं लागतात आणि एका गाजराला सोन्याचे आठ कण. अठ्ठेचाळीस शिंगरं म्हणजे ७६८ कण, नऊ कणांची एक वीट धरली तर पंच्याऐंशी विटांहून जास्त सोनं. दोन शनिवार-रविवार खाणीत घालवूनही आमच्याकडे एवढं सोनं जमलं नव्हतं.

४. चांगल्या जोडीचा खरा फायदा वरच्या टोकाला नसतो, खालच्या टोकाला असतो.

हे उमगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. रानात फिरूनही ०.९ च्या वरचा घोडा ४८ मध्ये एकच भेटतो. म्हणजे सोनं खर्चून शिंगरं काढा नाहीतर पायपीट करा, उत्तम घोड्याची शक्यता सारखीच. मग पैदास कशासाठी? रानातला घोडा ०.४ चाही निघू शकतो. आमच्या जोडीचं शिंगरू मात्र, तिसरा पालक कितीही वाईट निघाला तरी, ०.७३ च्या खाली जाऊच शकत नव्हतं. आमच्या तबेल्यातलं सर्वात वाईट शिंगरूसुद्धा रानातल्या सरासरी घोड्यापेक्षा वरचं होतं. ज्याला मित्रांसाठी दहा चांगले घोडे हवेत त्याने पैदास करावी. ज्याला एकच अजोड घोडा हवा त्याने, निदान त्या जुन्या नियमात, रान धुंडाळावं.

५. नियम बदलला की वहीही नवी करावी.

२०२३ च्या मार्चमध्ये १.१९.४ ही आवृत्ती आली आणि तिसरा पालक गेला. आता आईबापांची सरासरी हा मध्य, आणि शिंगरू त्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच झुकू शकतं. झुकण्याचा एकूण पल्ला म्हणजे दोन पालकांमधलं अंतर, अधिक त्या गुणाच्या पूर्ण पट्ट्याचा तीस टक्के भाग. ०.९ आणि ०.९ च्या जोडीचं शिंगरू आता ०.८१ ते ०.९९ मध्ये कुठेही पडतं, आणि निम्मी शिंगरं आईबापांपेक्षा वर जातात. त्यातलं सर्वोत्तम निवडायचं, त्याची पुढची जोडी लावायची आणि पिढीगणिक चढत जायचं. पूर्वी चढण घसरडी होती, आता पायऱ्या आहेत. माझ्या मते हा बदल फार चांगला झाला, कारण मेहनतीने निवड करणाऱ्याला आता फळ मिळतं. इथे एक बारकावा आहे: दोन पालकांच्या आकड्यांत अंतर जास्त असेल तर शिंगरांमध्येही जास्त फरक पडतो, पण मध्य खाली येतो. म्हणून आम्ही विजोड जोडी लावणं बंद केलं.

६. खऱ्या घोड्याची उंची याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात घोडीचा वाटा दुहेरी असतो.

भाच्याचं मन खेळातून खऱ्या घोड्यांकडे वळलं, तेव्हा दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याला गेलो. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी भरणारा हा घोडेबाजार त्याने पहिल्यांदाच पाहिला. तिथे उंची इंचांत सांगतात, जमिनीपासून मानेच्या बुडाशी असलेल्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. डोकं धरत नाहीत, कारण ते घोडा वर-खाली करतो. पाश्चात्त्य मापात चार इंचांचा एक हात, आणि साधारण ५८ इंचांच्या आतला घोडा पोनी गणला जातो.

परत येताना गाडीत मी त्याला फ्रान्सिस गाल्टनची गोष्ट सांगितली. १८८६ साली त्याने २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंच्या मांडल्या. अति उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नाहीत. अति ठेंगण्यांची मुलंही तशीच मधल्या उंचीकडे सरकतात. आमच्या जुन्या नियमातल्या शिंगरांसारखंच. कारण मात्र वेगळं. प्राण्याच्या उंचीतला काही भाग खुराकाचा, आजारपणाचा, वाढीच्या दिवसांतल्या नशिबाचा असतो, आणि तो भाग रक्तातून पुढे जात नाही.

रक्तातून जातं त्याचा शोधही घोड्यांमध्ये लागला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या जातींच्या घोड्यांच्या आकारमानातला ८३ टक्के फरक जनुकसंचातल्या अवघ्या चार ठिकाणांवरून सांगता आला. माणसाच्या उंचीशी जोडलेली ठिकाणं हजारांच्या घरात आहेत. शतकानुशतकं माणसाने घोड्याची निवड केली, कुठे ओढकामाला प्रचंड तर कुठे खाणीत शिरायला छोटा, म्हणून मोजक्या जनुकांवर एवढा भार आला असावा, असं मला वाटतं.

पण भाच्याला सर्वांत भावला तो केंब्रिजचा प्रयोग. वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ मध्ये तो प्रसिद्ध केला. एकीकडे शायर ही अवाढव्य ओढकामाची जात, दुसरीकडे शेटलंड हे इवलं तट्टू. कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्हीकडच्या शिंगरांच्या अंगात निम्मं रक्त शायरचं, निम्मं शेटलंडचं. तरीही शायर घोडीच्या पोटी आलेलं शिंगरू जन्मताना शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा वजनाने सुमारे तिप्पट होतं, आणि मोठेपणीही तो फरक पूर्ण भरून निघाला नाही. घोडी नुसतं निम्मं रक्त देत नाही, वाढायला जागाही देते. खेळात हे नाही. तिथे नर-मादी असा भेदच नाही, कुठलेही दोन घोडे जोडी होतात.

७. खेळ जे माफ करतो ते निसर्ग करत नाही.

खेळात सख्ख्या भावंडांची जोडी लावली तरी बिघडत नाही. आम्ही ती बिनधास्त लावली आणि चार पिढ्यांत वर चढलो. खऱ्या घोड्यांत जवळच्या नात्यात जोड्या लावत गेलं, तर लपलेले दोष दोन्हीकडून येऊन एकत्र होतात आणि घोडी गाभण राहण्यापासूनच अडचणी सुरू होतात. हे मी भाच्याला दोनदा बजावलं, कारण मुलं खेळातला नियम सहज खरा धरतात.

८. एका शिंगरावरून जोडीची पारख होत नाही.

पहिली तीन शिंगरं धडकली म्हणून भाचा ती जोडी रानात सोडून देणार होता. चौथं शिंगरू चार ब्लॉक ओलांडून गेलं.

सारंगखेड्याला आम्हाला प्रत्येकाने नराची उंची आपणहून सांगितली. घोडीची उंची आम्ही विचारली तेव्हाच कळली. तुम्ही तिथे शिंगरू घ्यायला गेलात, तर त्याच्या आईजवळ उभे राहा, तिची उंची मोजून घ्या, आणि तिची आधीची शिंगरं कुठे आहेत ते विचारून, जमलं तर जाऊन पाहून या.