मळीचा ढीग काय सांगतो?

विद्यार्थिमित्रहो, खाण म्हटली की पायऱ्यापायऱ्यांनी खणलेला तांबडा डोंगर आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो; कारण आमचे बालपण गोमंतकात गेले. निर्मलच्या रानात पूर्वीच्या लोखंडाच्या जागा पाहावयास निघालो, तेव्हा तेथेही असाच मोठा खड्डा दिसेल, अशी आमची समजूत होती. (पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले निर्मल २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा आहे.)

नागपूर-हैदराबाद राजमार्ग सोडताच डांबर संपले. पुढे सागवानातून बैलगाडीची चाकोरी तेवढी होती. ओढा उतरताना आमची जीप वाळूत रुतली. ती ढकलून झाल्यावर एका विद्यार्थ्याने खिशातील लोहचुंबक सहज वाळूत फिरविले, तो त्यास काळे कण दाट चिकटले! हे मॅग्नेटाइट. खडक झिजून सुटे झालेले हे खनिज गोळा करावे, कुटावे, पाण्याने धुवावे; हलकी माती वाहून जाते आणि जड खनिज तळाशी उरते. अशा ठिकाणी खोल खाणीची गरजच काय?

पुढे एका बांधाशी काळ्या, जड, वितळून गोठलेल्या खड्यांचा ढीग दिसला. ती धातुमळी. मातीच्या भट्टीत खनिज व लोणारी कोळसा यांचे थर रचून भात्याने वारा घालीत. कोळशाच्या योगाने खनिजातील प्राणवायू निघून जाई. माती-दगडाचा अंश मळी होऊन वाहे आणि मागे लोखंडाचा सच्छिद्र गोळा राही.

या लोखंडाचे पोलाद आजच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम येथे होई. भाताचे तूस मिसळलेल्या मातीच्या मुशीत लोखंड घालून, तोंड बंद करून, ती प्रखर आचेवर दीर्घकाळ ठेवीत व सावकाश निववीत. त्या पोलादात कर्बाचे प्रमाण शेकडा सुमारे दीड असे. इराणी व्यापारी ते नेत, आणि लहरींची नक्षी असलेल्या दमास्कस तलवारी अशाच पोलादाच्या होत. डॉ. व्हॉयसी यांनी पाहिलेली ही कृती १८३२ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी १८१९ साली मायकेल फॅरडे यांनी भारतीय पोलादाचे पृथक्करण केले होते. पुढे स्वस्त विलायती लोखंड आले, कोळशासाठी जंगलतोडीवर निर्बंध आले, आणि भट्ट्या विझल्या.

परतताना एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, शाळेच्या संग्रहासाठी एक खडा नेऊ का?" आम्ही नकार देणार, तोच आठवले की आमच्याच पिशवीत एक खडा होता! तो सर्वांसमक्ष जागेवर ठेवला, तेव्हा आम्हास ओशाळल्यासारखे झाले.

कारण मळीत अडकलेल्या कोळशाच्या कणावरून भट्टीचा काळ ठरविता येतो. पण खडा जागेवरून हलला की तो कोणत्या भट्टीचा, हे कळेनासे होते. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने व एक्सेटर विद्यापीठाने २०१० साली उत्तर तेलंगणात अशा अनेक जागांची नोंद केली. शेते सपाट करताना आणि रस्त्यांत भर घालताना असे ढीग नाहीसे होतात. ज्या कारागिरांनी आपली नावे कोठेच लिहून ठेवली नाहीत, त्यांचे हेच दप्तर आहे.

तेव्हा मित्रहो, असा ढीग आढळला तर जागा टिपा, चित्र काढा, गावातील वृद्धांना विचारा. मात्र घरी येताना हात रिकामेच असू द्या.