परदेशात सुट्टीचं घर भाड्यानं घेताना : दायित्व विमा समजून घेऊ



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विमा म्हटलं की आधी आठवतो पीक विमा. कापूस-सोयाबीन पावसानं गेलं तर भरपाई मिळेल का, ही चर्चा प्रत्येक गावात. दुसरा आठवतो मोटरसायकलचा ‘थर्ड पार्टी’. आजचा पाठ या दोघांतला फरक नीट समजला की निम्मा झालाच म्हणून समजा.

पीक विमा माझं नुकसान भरून देतो. थर्ड पार्टी विमा माझ्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देतो. या दुसऱ्या प्रकाराला दायित्व विमा म्हणतात. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार तो गाडीसाठी सक्तीचा आहे. प्रवासात मात्र तो घ्यायचा की नाही, हे बहुधा आपल्यावरच असतं, आणि तिथंच चूक होते.

एक उदाहरण

समजा, दारव्ह्याचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे गेले. सगळ्यांनी मिळून आठ दिवसांसाठी डोंगरातलं एक घर भाड्यानं घेतलं. काकूंनी सवयीप्रमाणे बादली-मग घेऊन बाथरूममध्ये खाली बसून आंघोळ केली. आपल्याकडे मोरी असते, पाणी निघून जातं. तिकडे बऱ्याच घरांत बाथरूमच्या फरशीला जाळीच नसते. पाणी दाराखालून लाकडी फरशीत शिरलं आणि खालच्या मजल्यावरच्या घराचं छत गळू लागलं.

चूक मुद्दाम केलेली नव्हती. पण जर्मन नागरी संहितेचं कलम 823 सांगतं, की निष्काळजीपणानं दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं तरी भरपाई द्यावी लागते. फ्रान्समध्ये नियम आणखी कडक आहे. भाड्याच्या घराला आग लागली, तर तिथल्या नागरी संहितेच्या कलम 1733 नुसार भाडेकरूच जबाबदार धरला जातो. आग आकस्मिक कारणानं, बांधकामातल्या दोषानं किंवा शेजारच्या घरातून आली, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. लग्नात बिछायत केंद्रातून भांडी आणतो, तेव्हा परत करताना ताटं-वाट्या मोजून घेतात की नाही? भाड्यानं आणलेली वस्तू सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तशी सांभाळावी, असं भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 151 सांगतं. तत्त्व तेच, फक्त तिकडे वाटीऐवजी अख्खं घर आहे.

हिशेब करून बघू

सोयीसाठी 1 युरो म्हणजे 100 रुपये धरू. आकडे काल्पनिक आहेत.

- खालच्या घराचं छत : 2,500 युरो
- भाड्याच्या घराची फरशी : 1,500 युरो
- एकूण : 4,000 युरो, म्हणजे 4,00,000 रुपये

गुरुजींच्या परदेश प्रवास पॉलिसीत ‘पर्सनल लायबिलिटी’ आहे. पहिले 200 युरो स्वतः भरायचे, अशी अट आहे. मग विमा 3,800 युरो देईल ना? थांबा!

अशा अनेक पॉलिसींमध्ये एक वगळणूक असते : विमाधारकाच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेल्या मालमत्तेचं नुकसान मिळणार नाही. भाड्याचं घर आठ दिवस आपल्याच ताब्यात असतं. म्हणजे फरशीचे 1,500 युरो गेले. छताचे 2,500 मधून 200 वजा जाता 2,300 मिळतील. उरलेले 1,700 युरो, म्हणजे 1,70,000 रुपये, गुरुजींच्या खिशातून! एका ओळीनं दीड लाखाचा फरक पडला.

काही गैरसमज

1. *‘व्हिसासाठी विमा काढलाय की!’* शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं संरक्षण लागतं, पण ते आजारपण, अपघाती उपचार आणि मायदेशी परत आणण्यासाठी. दुसऱ्याचं छत त्यात येत नाही.
2. *‘डिपॉझिट दिलंय, तेवढंच जाईल.’* नाही. डिपॉझिट ही जबाबदारीची मर्यादा नाही. नुकसान जास्त असेल तर घरमालक उरलेले पैसे मागू शकतो.
3. *‘मुलाचा तिकडचा विमा आहे.’* जर्मनीत वैयक्तिक दायित्व विमा बहुतेक कुटुंबं काढतात. पण पाहुणे आलेले आई-वडील त्यात मोडतात का, हे कंपनीला लेखी विचारा.

निघण्यापूर्वी आणि तिथं गेल्यावर

- ‘भाड्यानं घेतलेल्या निवासाचं नुकसान’ पॉलिसीत धरलंय का, हे विचारा आणि उत्तर ई-मेलवर घ्या.
- घरात शिरताच प्रत्येक खोलीचे मोबाईलवर फोटो काढा. आधीचा ओरखडा आपल्या माथी येत नाही.
- गरम कुकर थेट लाकडी ओट्यावर ठेवू नका. काचेच्या शेगडीवर जड तवा आपटू नका. देवापुढचा दिवा ताटलीत ठेवा आणि तो तेवत असताना बाहेर जाऊ नका.
- नुकसान झालंच तर घरमालकाला आणि विमा कंपनीला लगेच कळवा.

शेवटचा मुद्दा जरा अवघड आहे. आपला स्वभाव असा, की ‘आमचीच चूक, सगळं भरून देतो’ असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, अशी अट पॉलिसीत सहसा असते. मग खोटं बोलायचं का? मुळीच नाही. काय घडलं ते खरं सांगा, माफी मागा, पण पैशाच्या कागदावर सही करण्यापूर्वी कंपनीला विचारा. खरेपणा आणि सावधपणा एकत्र नांदू शकतात.

स्वाध्याय

1. पीक विमा आणि दायित्व विमा यांतला फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
2. वरच्या उदाहरणात ताब्यातल्या मालमत्तेची वगळणूक नसती, तर गुरुजींना किती रुपये भरावे लागले असते?
3. घरातली कोणतीही एक विमा पॉलिसी काढा आणि ‘काय मिळणार नाही’ हे पान मोठ्यानं वाचा. जे समजलं नाही, त्याखाली रेघ ओढून एजंटला विचारा.