ट्रकचालकाची दृष्टी आणि त्याची निद्रा

आपल्या वसतिगृहातील काही विद्यार्थ्यांचे वडील ट्रक चालवितात, म्हणून हा विषय. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी वय किमान 20 वर्षे लागते. नमुना 1-अ मध्ये डॉक्टर दृष्टी, श्रवण, रातांधळेपणा यांविषयी दाखला देतात. 2020 पर्यंत लाल व हिरवा रंग ओळखता यावा लागत असे. तपासणी योग्यच आहे, परंतु ती एका दिवसाची. सलग 14 तास चाक धरलेल्या माणसाचे डोळे डॉक्टरांना दिसत नाहीत.

त्यासाठी कामाच्या तासांची मर्यादा आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यांसाठी झालेला 48 तासांचा आठवडा 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 मध्येही होता. दिवसाला 8 तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. हा अधिनियम पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्याला लागू होता. मात्र 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम 91 तेच तास प्रत्येक परिवहन वाहनाच्या चालकाला लावते. अडचण मजुरीत आहे. खेपेवर पैसे मिळणाऱ्याला झोपेचा प्रत्येक तास स्वतःच्या पदरचा वाटतो. युरोपात ट्रकमधील टॅकोग्राफ यंत्र चालविण्याचे व विश्रांतीचे तास नोंदविते. तेथे मालकालाही त्या नोंदीचा जाब द्यावा लागतो.